कुत्र्याची अट

उपाशी माणसाला अन्न देणं हे गावाचं पहिलं कर्तव्य आहे, असं इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यातल्या एका गावात चर्चच्या भिंतीवर कोरलेलं होतं. कुत्रा पाळणाऱ्याला मात्र काही मिळत नाही, हे गावातल्या गरिबांना मदत वाटणारे कारभारी टकेटसाहेब तोंडी सांगत.

एबल पिनक टोपी हातात धरून त्यांच्यासमोर उभा होता, पायाशी त्याचा कुत्रा मॉस. तो मेंढपाळ. मालकाने मेंढ्या विकल्या तेव्हापासून बेकार. घरी बायको आणि चार पोरं सलगमाच्या पाल्यावर दिवस काढत होती.

"मॉस आमचं खात नाही, साहेब," तो म्हणाला. "ससे धरतो. आम्हीच त्याचं खातो."

"ससे जमीनदारसाहेबांचे. हे मी ऐकलं नाही," टकेटसाहेब म्हणाले. "ज्याला कुत्रा पोसवतो त्याला पोरंही पोसवतात. शुक्रवारपर्यंत काय ते ठरव."

एबलने घरी येऊन बायकोला सांगितलं. तिने पातेलं घासायला घेतलं. ते कालच घासलेलं होतं.

एबल दोर घेऊन टेकडीमागे गेला आणि शीळ घातली. काम निघालं असं वाटून मॉस धावत आला. नऊ वर्षांत त्याने दुसरी शीळ कधी घालायला लावली नव्हती.

शुक्रवारी टकेटसाहेबांनी चिठ्ठी दिली. नियम सोपा होता. गावातल्या बाराही शेतकऱ्यांच्या दारी जायचं, प्रत्येकाकडून 'काम नाही' अशी सही घ्यायची, मग पाव मिळायचा. दुपार कलेपर्यंत एबलच्या अकरा सह्या झाल्या. कुणी त्याला आत बोलावलं नाही, पण सही सगळ्यांनी चटकन केली.

बारावा हॉबडे. तो खूश होऊन फाटकाशीच आला. "बरा आलास रे. कालच तीनशे मेंढ्या आणल्यात आणि मेंढपाळाचा पत्ता नाही. मॉस कुठाय? घाल बघू शीळ."

एबलने ओठ जुळवले. मग दोराचं सांगून टाकलं.

हॉबडेने फाटक उघडायला घातलेला हात मागे घेतला. "कुत्र्याशिवाय माळावर तू काय हाकणार, लेका?" तो म्हणाला. "मला दुसरा बघावा लागेल."

एबलने चिठ्ठी पुढे केली. पण हॉबडे सच्चा माणूस होता, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा. काम असताना 'काम नाही' असं तो लिहून देईना.

अकरा सह्यांवर पाव मिळत नसे.