एकदा टाकलेला प्रश्न

सलग दुसऱ्या सकाळी प्रश्न बदललेला होता.

शरच्चंद्र सरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. 'ओवीघर' या त्यांच्या संकेतस्थळावर 'खुंटा' नावाच्या कुणीतरी सोमवारी विचारलं होतं, पुढची ओळ काय?

जोंधळ्याची पाटी, बाई ठेविते उंबऱ्याला

सरांनी तासाभरात उत्तर लिहिलं.

आईच्या हाताची, ऊब लागते खुंट्याला

मंगळवारी प्रश्न तोच, ओळ निराळी.

दळण सरलं गं, पीठ राहिलं पाळीला

कपाळाला आठी घालून सरांनी दुसरं उत्तर दिलं.

समोर बसाया, कोण न्हाई या येळेला

आज बुधवार, आणि आता तिथं तिसरीच ओळ होती.

लेक निघाली सासरी, मागं बघते वळून

खाली सरांची जुनी दोन उत्तरं तशीच उभी होती, चुकीच्या लग्नाला आलेल्या पाहुण्यांसारखी. त्याखाली वडगावच्या नागेंद्रनं लिहिलं होतं, "सर, विचारलंय सासरचं, तुम्ही सांगताय जोंधळ्याचं. आराम करा आता." चौदा जण हसले होते.

शनिवारी ग्रंथालयाच्या समितीची बैठक होती. सीमाभागातल्या ओव्यांच्या संग्रहाचं संपादन कुणी करायचं, ते ठरणार होतं. चाळीस वर्षं शाळा सुटली की सर सायकल काढून गावोगाव ओव्या उतरवत हिंडले होते. हे एकच पुस्तक त्यांना हवं होतं. आणि नागेंद्रलाही.

सरांनी त्याला फोन लावून सरळ विचारलं, 'खुंटा' तूच ना? नागेंद्र शांतपणे म्हणाला, "सर, मला एवढ्या ओव्या येत असत्या तर तुमची खोडी कशाला काढली असती?"

सरांना ते मुळीच पटलं नाही. पण तिसरी ओळ समोर होती, आणि तिचं उत्तर वही न उघडताच त्यांच्या बोटांतून उतरलं.

बंधू येशीच्या आडापाशी, डोळं घेतोया पुसून

कुठं ऐकली होती, आठवेना. एवढं ऐकल्यावर कुठलं काय ते कसं आठवणार?

लेक चिन्मयी चहा घेऊन आली. संकेतस्थळ तिनंच बांधून दिलेलं.

"प्रश्न बदलायची सोय बंद कर," सर म्हणाले. "एकदा टाकला तो टाकला."

"आप्पा, खेड्यातल्या बायका मोबाइलवर लिहितात. चुकलं तर नीट करू नये व्हय माणसानं?"

"हे चुकणं न्हाय. ही थट्टा आहे."

चिन्मयीनं विचारलं, मग नाव 'खुंटा' कशाला? सर चिडलेले असूनही त्यांच्यातला मास्तर जागा झाला. खुंटा म्हणजे जात्याची मूठ. दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा धरतात. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं जोडायची, की पहिलीनं लगेच नवी ओळ टाकायची.

"आणि आधीची?"

"ती गेली पिठाबरोबर. आमच्या आईचं जातं कॉलेजच्या जुन्या वस्तूंच्या दालनात आहे, जाऊन बघ कधीतरी."

त्या जात्याचं नाव घरात सहसा निघत नसे. तेरा वर्षांपूर्वी सरांनी ते दालनाला दिलं, तेव्हा लग्नाआधी आईसमोर त्याच जात्यावर बसणारी बेबीआत्या निपाणीहून आली होती. दारातच थांबून तिनं धाकट्या भावाला एवढंच विचारलं, "मला का विचारलं न्हाईस?" सर म्हणाले होते, "दिलं ते दिलं." पाणीसुद्धा न घेता ती परत गेली. आई आधीच गेलेली. त्यानंतर सरांना घरातल्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही.

दुपारपर्यंत सोय बंद झाली. वर ठळक पाटी लागली: एकदा टाकलेला प्रश्न बदलता येणार नाही. गुरुवारी प्रश्न तसाच राहिला. शुक्रवारीही. सरांना दोन दिवस नीट जेवण गेलं.

शनिवारी सकाळी समितीपुढे ठेवण्यासाठी त्यांनी चिन्मयीला सगळे बदल तारीखवार छापून मागितले. खोडी कागदावर दिसली म्हणजे झालं. तिनं पान आणून दिलं. प्रश्न, उत्तर, प्रश्न, उत्तर, एकाखाली एक. सर पुरावा म्हणून वाचू लागले आणि दुसऱ्याच ओळीला त्यांना चाल सापडली. तिसऱ्या ओवीपर्यंत टेबलावरचा त्यांचा उजवा हात, मूठ वळून, गोल फिरू लागला होता.

एकही उत्तर चुकलेलं नव्हतं.

"आप्पा," चिन्मयी फोनकडे बघत म्हणाली, "बंदी घातल्यावर खुंट्यानं अजून एक बदल करून बघितलाय. गुरुवारपासून अकरा वेळा. तो बाहेर कुणाला दिसत न्हाय, फक्त आपल्याला दिसतो."

"काय लिहिलंय?"

तिनं फोन त्यांच्यापुढे ठेवला.

बंधू शरूच्या दारात, येऊ का रं मी दळाया? पुढची ओळ काय?