सिग्नल बंद असताना

अजून एक ट्रान्झिस्टर जळाला तेव्हा तिनं मीटरची वायर टेबलावर आपटली. धुराचा बारीक धागा वर गेला. मागे उभ्या असलेल्या काकांनी खिडकी उघडली आणि उसासा टाकला. जळक्या वासापेक्षा तिला त्या उसाशाचाच जास्त राग आला.

काका म्हणजे बाबांचे भागीदार. वर्कशॉप दोघांचं. बाबा सर्किट काढायचे, ती ते संगणकावर चालवून बघायची आणि मग बाबा टेबलावर नमुना जुळवायचे, अशी वाटणी होती. बोटींवरच्या वायरलेस सेटसाठी केलेला हा अ‍ॅम्प्लिफायर त्यांचं शेवटचं काम. नमुना झकास चालला, आकडे जुळले, आणि पहिली खेप तयार व्हायच्या आत बाबा गेले. आता त्या खेपेतला जो अ‍ॅम्प्लिफायर चालू करावा तो जळत होता.

गेलेल्या माणसाच्या चुका काढू नयेत, असं काका सकाळपासून म्हणत होते. पण प्रत्येक वेळी त्यापुढे एक 'पण' यायचा, आणि त्या 'पण'पाशी ते थांबायचे. पुढचं तिला ठाऊक होतं. दुपारी गिऱ्हाईकाचा माणूस आला की बाबांचं डिझाइन चुकलं म्हणून सांगायचं आणि बाहेरचं आणून बसवायचं. भेटायला आलेल्या लोकांसमोर याच माणसानं बाबांना गुरू म्हटलं होतं. एवढ्या लवकर गुरूला विसरले, तिला वाटलं.

तिनं पुन्हा संगणक उघडला. सिग्नल बंद असतानाही ट्रान्झिस्टरमधून थोडासा प्रवाह वाहता ठेवावा लागतो. त्याला बायस म्हणतात. तो कमी पडला तर आवाज फाटतो, जास्त झाला तर ट्रान्झिस्टर भाजून निघतो. पडद्यावर तो प्रवाह सरळ रेषेत पडून होता, पाहुण्यांसमोर बसवलेल्या शहाण्या मुलासारखा. टेबलावर मात्र मीटरचा काटा आपोआप वर चढायचा आणि खाली यायचं नाव घ्यायचा नाही.

मग सोल्डरचे टाके कच्चे असणार, ती मोठ्यानं म्हणाली. पलीकडच्या खोलीतून असेंब्लीच्या मावशी तडक आल्या. वर्कशॉपमधला प्रत्येक टाका त्यांच्या हातचा. त्यांनी भिंग तिच्या हातात कोंबलं आणि एक जरी कच्चा निघाला तरी उद्यापासून मी घरी बसते, असं बजावलं. तिनं एकेक टाका पाहिला. सगळे चकचकीत. भिंग परत देताना तिनं मान वर केली नाही, माफीही मागितली नाही. तिचा राग दारोदार फिरत होता आणि कुणी त्याला घरात घेत नव्हतं.

तिनं नवा ट्रान्झिस्टर बसवला आणि व्होल्टेज बेतानं वाढवलं. काटा चढू लागला. या वेळी तिनं मीटरचा नाद सोडला. आधी काय तापतंय ते बघावं म्हणून तिनं डाव्या हाताचं बोट ट्रान्झिस्टरकडे बायस नेणाऱ्या पट्टीवर दाबलं.

काटा खाली आला. संगणक सांगत होता बरोबर त्याच आकड्यावर.

बोट उचललं, चढला. टेकवलं, उतरला.

"अगं, तुझा बाबा असाच बसायचा." काका टेबलाजवळ आले. "डावं बोट तिथंच. किती तापलं ते मीटरला काय कळतंय, म्हणायचा. बोट टेकवल्याशिवाय चालू करायचा नाही आणि बंद केल्याशिवाय उचलायचा नाही."

माइक स्पीकरजवळ नेला की तो किंचाळतो. हे सर्किटही तसंच किंचाळत होतं, फक्त कानाला ऐकू न येणाऱ्या पट्टीत. त्या किंचाळण्यानंच प्रवाह चढत होता आणि बोट टेकलं की ते थांबत होतं. ते थांबवायची कुठलीच सोय बाबांनी सर्किटमध्ये केली नव्हती, कारण त्यांच्यासमोर ते कधी किंचाळलंच नव्हतं. पडद्यावर तरी कसं दिसणार? तिनं नुसता स्थिर प्रवाहच तपासला होता.

तिला बाबांचा भयंकर राग आला. एवढी ढळढळीत चूक, आणि कडाकडा भांडायला समोर माणूस नाही.

बोटाच्या जागी तिनं एक छोटा रेझिस्टर आणि कपॅसिटर जोडला. काटा जागच्या जागी बसला. काकांनी आणून ठेवलेला चहा पार निवला, तरी काटा हलला नाही.

जिन्यात पावलं वाजली. काका जवळ सरकले आणि घाईघाईनं पुटपुटले, की असेंब्लीत हा रेझिस्टर लावायचा राहिला असं सांगून टाकू. डिझाइनला बोल लागणार नाही, तुझ्या बाबाचं नाव शाबूत राहील, मावशींची समजूत मी घालतो. बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते. सकाळपासून ती ज्यांच्यावर दातओठ खात होती, तेच आता बाबांसाठी खोटं बोलायला निघाले होते. मावशी दारातच होत्या. त्यांना सगळं ऐकू आलं होतं.

गिऱ्हाईकाचा माणूस आत आला. जळक्या ट्रान्झिस्टरांच्या ढिगाकडे आणि मग नव्या जोडणीकडे त्यानं निरखून पाहिलं.

"असेंब्लीत राहिलं होतं वाटतं काहीतरी?"

"असेंब्लीत नाही," ती म्हणाली. "हिशोबात बाबांचं बोट धरायचं राहिलं."