मधले तीन सेकंद

ताऱ्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरींची गुणगुण परत सुरू झाली तेव्हा निहार दुर्बिणीच्या तबकडीवरून खाली उतरत होता. केबल शाबूत होती. तबकडीने गोळा केलेल्या लहरी जिथे एकवटतात, तो ग्राहकही ठीक होता.

"मॅडम, बिघाड आपल्याकडे नाहीच. ताराच गप्प झाला होता. आधी चाळीस मिनिटं, मग तीन सेकंद आवाज, मग पुन्हा चौदा मिनिटं शांत."

गायधनीबाईंच्या हातातला चहा कपड्यांवर सांडला.

"परत सांग."

त्याने परत सांगितलं. बाईंनी कपाटातून बावीस वर्षांपूर्वीचं रजिस्टर काढलं. दसऱ्याचं पान शोधावं लागलं नाही.

त्या दिवशी तबकडीची पूजा होती, म्हणून ताऱ्याकडे जाणारा आपला संदेश बंद ठेवला होता. चाळीस मिनिटांनी, पूजा आटोपली असं समजून बाईंनी बटण दाबलं. गुरुजी हार घालायला अजून वरच होते, त्या भाजून काढणाऱ्या लहरींच्या वाटेत! तीन सेकंदांत बाईंनी ते बंद केलं. पुढची चौदा मिनिटं गुरुजींना खाली आणण्यात गेली. गुरुजी वाचले, पण बाईंची बढती अडली ती कायमची.

निहारने पान दोनदा वाचलं.

"तारा अकरा प्रकाशवर्षांवर आहे. जायला अकरा, यायला अकरा. म्हणजे ती गुणगुण ताऱ्याची नाही. तिथे कोणीतरी आपला संदेश ऐकतंय, आणि तो जसा बंद-चालू झाला तसंच परत पाठवतंय."

"इतकी वर्षं आपण गणितं पाठवली, एकाचंही उत्तर नाही," बाई म्हणाल्या. "आणि मी घाबरून हात मागे घेतला, ते त्यांनी ओळखलं."