‘नको’ ऐकू येणारा फोन

“हाच, बाबा,” मुलगी म्हणाली. सेल्सगर्लने तोवर फोन काचेवर ठेवलाही होता, आणि तोही पालथा, कंपनीची खूण दिसावी म्हणून.

लिफ्टच्या मिस्त्रीने तो उचलला, उलटासुलटा केला, पाठीवरून अंगठा फिरवला. “फार गुळगुळीत आहे. हातमोज्यातून सुळकन निसटेल.”

“मग हातमोजा काढून घ्यायचा.”

“आणि ग्रीसचा हात कुठे पुसू? तुझ्या बाहीला?”

मुलगी हसली नाही. तिला नुकतीच बढती मिळाली होती आणि बाबांना फोन द्यायचा तर चारचौघांत मिरवावा असाच, हे तिने पक्कं केलं होतं. “मागच्या आठवड्यात तुम्ही आमच्या ऑफिसात आलात आणि रबरबँड लावलेला तो डबा खिशातून काढलात. आमचे साहेब बघत होते.”

“तुझे साहेब लिफ्टमध्ये अडकले होते. ते माझ्या फोनकडे कशाला बघतात? दाराकडे बघत होते.”

आता मात्र तिला हसू फुटलं. मिस्त्रीला बरं वाटलं. लेक मायेने देते आहे हे न कळण्याइतका तो दगड नव्हता. पण त्याचं फोनशी एकच काम होतं आणि ते तिला ठाऊक नव्हतं. तो वर मशीनच्या खोलीत असायचा, धाकटा भाऊ पार तळाशी, लिफ्टखालच्या खड्ड्यात, आणि दोघांमध्ये फक्त फोन. महिन्यापूर्वी भाऊ खालून म्हणाला होता, “चालू करू नको.” वर पोचलं ते “चालू करू” एवढंच. मिस्त्रीने लिफ्ट चालू केली. भाऊ कोपऱ्यात अंग चोरून पडला म्हणून वाचला, पाऊल तेवढं दुखावलं. घरी सांगितलं, जिन्यात घसरला. येत्या सोमवारी तो पुन्हा खड्ड्यात उतरणार होता.

“ताई,” मिस्त्री सेल्सगर्लला म्हणाला, “हिचं सिम ह्या फोनमध्ये घाला आणि समोरच्या लिफ्टमध्ये चला.”

“सर, डेमोचा फोन दुकानाबाहेर नेता येत नाही.”

“तो एकटा कुठे जातोय? तुम्ही आहात की सोबत. ह्या लिफ्टची देखभाल माझ्याकडेच असते. अडकलात तर काढीन.”

दोघींना आत उभं करून त्याने मुलीला बजावलं, “मी फोनवर सांगेन तसंच करायचं. स्वतःचं डोकं चालवायचं नाही.”

दार बंद झालं. शेजारच्या दुकानात गाणी ठणाणत होती. मिस्त्री मुद्दाम त्या स्पीकरखाली जाऊन उभा राहिला, जुन्या फोनवरून मुलीला फोन लावला आणि म्हणाला, “दार उघडू नकोस.”

दार उघडलं.

“उघडलं,” आतून मुलगी म्हणाली. तिचं बोट अजून बटणावरच होतं. “पुढे काय?”

सेल्सगर्ल खुदकन हसली. मिस्त्रीने फोन तोंडाशी धरला.

“काय ऐकलंस?”

“‘दार उघडू.’ मला वाटलं, उघडू या म्हणताय.”

“परत एकदा.” दार लागल्यावर तो म्हणाला, “चौथ्या मजल्यावर जाऊ नकोस.” लिफ्ट दोघींना घेऊन चौथ्या मजल्यावर गेली.

दुकानात परतल्यावर त्याने स्वतःच खालच्या फळीवरचा एक फोन दाखवला. जाडजूड, कडांना रबर, बटणं हातमोज्यातूनही सापडतील अशी. सेल्सगर्लने त्याच्यावरची धूळ फुंकली.

“सर, हा कोणी घेत नाही. ह्याचं नावच लोकांना माहीत नसतं.”

“मला नाव नकोय ताई, मला हाक ऐकू यायला हवी.”

सिम बदललं. दोघी पुन्हा लिफ्टमध्ये गेल्या. मिस्त्री पुन्हा त्याच स्पीकरखाली.

“दार उघडू नकोस.”

दार बंदच राहिलं.

“पाचव्या मजल्यावर जाऊ नकोस.”

लिफ्ट जागची हलली नाही.

“बटण दाबू नकोस.”

“अहो बाबा,” फोनमधून मुलगी वैतागली, “हे नको, ते नको, मग करू तरी काय?”

मिस्त्रीला रडू आलं. भर बाजारात, गाण्यांच्या कलकलाटात, त्याने ते येऊ दिलं. मग डोळे पुसून म्हणाला, “आता उघड.”

ती बाहेर आली आणि त्याच्या तोंडाकडे बघून थबकली. “बाबा, काय झालं?”

“तुझा काका जिन्यात नाही घसरला.” आणि मग त्याने सगळं सांगितलं, चालू करण्याचं बटण कोणी दाबलं तेही.

मुलीने हातातल्या फोनकडे पाहिलं. “मग नुसतं ‘थांब’ का नाही म्हणत तुम्ही?”

“ठरवलंय तसं. पण जिभेला वीस वर्षांची सवय आहे. घाईत जुनंच बोलते.”

सेल्सगर्ल जाडा फोन डब्यात घालायला लागली. मिस्त्री जरा लांब, खिडकीपाशी नाक शिंकरत उभा होता. तो ऐकत नाही असं बघून ती मुलीच्या कानाशी आली. “मॅडम, नक्की ना? भेट द्यायला तो पहिलाच शोभला असता.”

“दोन द्या,” मुलगी म्हणाली. “खाली माझा काका असतो.”