पासिंगची सूट

फियाक्रा आयर्लंडच्या किनाऱ्यावरच्या पासिंग केंद्रात गाड्या तपासायचा. त्याचे वडील टायग समोरच्या बेटावर एकटे राहायचे. बेटावरच्या गाड्यांना कायद्यानेच पासिंगची सूट होती; दारं दोरीने बांधलेल्या गाड्याही तिथे खुशाल धावायच्या.

दर रविवारी टायगचा फोन यायचा. "अरे, ब्रेक फार कुरकुरतायत. एकदा येऊन बघून जा."

"बाबा, तुमच्या गाडीला सूट आहे. कोण विचारतंय तिथे ब्रेकला?" फियाक्रा हसून म्हणायचा. "बघू पुढच्या महिन्यात."

तीन वर्षं असंच चाललं. मार्चमध्ये टायग झोपेतच गेले.

दफन उरकल्यावर फियाक्राने कोट काढला आणि तो वडिलांच्या गाडीखाली शिरला. ब्रेकचे पॅड नवेकोरे होते. त्याच्या केंद्रात ही गाडी पहिल्या फटक्यात पास झाली असती.

शेजारची नोरीनमावशी चहा घेऊन आली. "त्यानेच बसवले ते. तू बेट सोडून गेल्यावर शिकला. अर्ध्या बेटाचे ब्रेक तोच बघायचा."

"मग मला कशाला बोलवायचे?"

"मी म्हटलं होतं त्याला, सरळ 'ये' म्हण. तर म्हणाला, त्यावर पोरगा नाही म्हणाला तर मला लागेल. ब्रेकला नाही म्हणाला, तर ते गाडीला म्हटलं असं समजता येतं."