ग्रेपफ्रूटखालची ओळ

रस्टीने काचेच्या दाराबाहेरूनच चार बोटं दाखवली आणि आत येऊन मार्लाच्या टेबलाला टेकला.

“चार पानं, बाईसाहेब! दोन रंगीत, दोन बारीक टाइपाची. पैसे चारांचे.”

‘हिरवं ताट’ हे सकस खाण्याचं मासिक. मार्ला त्याची संपादक, रस्टी जाहिराती आणणारा. जानेवारीच्या अंकाला जाहिराती कमी पडल्या तर डी मॉइनची ही कचेरी मार्चमध्ये बंद, असं न्यूयॉर्कहून मालकांनी कळवलं होतं. नेमकी चार पानंच कमी पडत होती. पालक आणि जवस विकणाऱ्यांना पानभर जाहिरात परवडत नाही. परवडते ती गोळ्या विकणाऱ्यांना.

“बारीक टाइपात काय आहे?”

“साइड इफेक्ट. कायद्यानं छापावेच लागतात. कोलेस्टेरॉलची गोळी आहे. लिव्हरचं एक पान, स्नायूंचं एक. किडनीला आणखी थोडा त्रास देती, तर पाचवं पानही आलं असतं बघ.”

बाहेर टाळ्या वाजल्या. नऊ माणसांच्या कचेरीत बातमीला पाय लागत नाहीत. स्वयंपाकघरातून बिनसाखरेचा बीटाचा केक आला, मासिकात छापलेलाच. प्रत्येकानं एकेक घास खाल्ला, वा म्हटलं आणि बशी खाली ठेवली.

मार्लाला एक खोड होती. आपल्या अंकात जे छापायचं ते सगळं ती वाचायची. तिने खणातून भिंग काढलं. दुसऱ्या पानाच्या तळाशी होतं: ही गोळी चालू असताना ग्रेपफ्रूट खाऊ नये. गोळी अंगात साठत जाते. स्नायू झिजतात. क्वचित किडनीही निकामी होते.

तिने मान वर केली. समोरच्या भिंतीवर अंकाची पानं ओळीनं टाचलेली होती. गोळीच्या जाहिरातीसमोरचं पान: ‘नव्या वर्षाची रोजची सकाळ, ग्रेपफ्रूटसोबत.’ मुखपृष्ठावरही तेच. संत्र्याच्या जातीचं, पण मोठं नि कडसर फळ; अर्धं कापलेलं, गुलाबी, वर मधाची धार. मुखपृष्ठ छापून झालं होतं.

तिने रस्टीला हाक मारली, दार लावून घेतलं आणि कंपनीला फोन लावला. पलीकडच्या बाईंचा आवाज गोड होता.

“तुमची जाहिरात मागच्या पानांत नेली तर चालेल?” मार्लाने विचारलं.

“अहो, त्या फळासमोरची जागा म्हणून तर घेतली आम्ही. फळाशेजारी गोळी किती छान दिसते! औषध वाटतच नाही.”

“मग लेखाखाली मी एक ओळ टाकते. कोलेस्टेरॉलची गोळी घेत असाल, तर हे फळ खाण्याआधी डॉक्टरांना विचारा.”

“आमच्या गोळीच्या तोंडासमोर? लोक घाबरतील हो. आणि ते आम्ही लिहिलंय की.”

“वाचायला भिंग लागतं.”

“पण लिहिलंय. ती ओळ आली, तर आम्हाला पानं काढून घ्यावी लागतील. पाचपर्यंत कळवा. आणि हो, माझ्या आईला तुमचं मासिक फार आवडतं.”

फोन बंद झाला. रस्टी आता टेकला नव्हता, सरळ उभा होता.

“डॉक्टरांना विचारा, हे त्यांच्या जाहिरातीतही आहे,” मार्ला म्हणाली.

“आहे ना. पण त्यांना ‘गोळी मागा’ म्हणायचंय. तू ‘थांबा’ म्हणतेयस.” तो दाराकडे वळला. “ओळ तुझी आहे, मार्ला. मी काही बोलणार नाही. पगार मात्र नऊ जणांचे आहेत.”

मार्लाने लेखाखाली ती ओळ टाकून पाहिली आणि पाचच्या आत काढून टाकली. डिझायनर मुलीनं मोकळ्या जागी पुदिन्याचं एक पान ठेवलं. शोभून दिसलं.

मग मार्लाने पुन्हा दार लावलं आणि वडिलांना फोन केला. ऑर्विल चौऱ्याऐंशीचे. ऑटम्वाच्या वृद्धनिवासात राहायचे आणि रोज रात्री कोलेस्टेरॉलची तीच गोळी घ्यायचे.

“बाबा, जानेवारीच्या अंकात ग्रेपफ्रूट आहे. ते खाऊ नका. तुमच्या गोळीला चालत नाही.”

“अगं, ते कडू फळ मला कधी आवडलंय? तू छापतेस म्हणून खायचो.” ते हसले. “पण इथल्या स्वयंपाकीणबाई तुझ्याच अंकातलं करतात बरं का. अंक आला की मीच नेऊन देतो त्यांना, लेकीचा म्हणून. आणि आमच्या जेवणघरात गोळी घेत नाही असा माणूस शोधून दाखव!”

मार्लाने भिंतीवरच्या मुखपृष्ठाकडे पाहिलं.

“पण तू ते छापलं असशीलच की. मग मी कशाला सांगत फिरू? मी सांगितलं तर म्हातारा बरळतोय म्हणतील. तुझ्या मासिकात आलं की ऐकतात. छापलंयस ना?”

काचेपलीकडे माणसं कोट चढवून घरी निघाली होती. जाता जाता एकेकानं तिच्याकडे बघून हात हलवला. तिनेही हलवला.

“बाबा,” मार्ला म्हणाली, “तुम्ही तेवढं संत्रं खा.”