गुरुजींची चिठ्ठी

अर्जातल्या सातव्या रकान्यापाशी चंद्रकुमार गुरुजींचा पेन अडला. ‘औषध कोणाच्या चिठ्ठीवरून घेतले?’ एवढाच प्रश्न होता. समोर, गुरुजींच्याच छपरीतल्या खाटेवर गिरजाबाई बसली होती. तोंडावर सूज, दंडावर डायलिसिसच्या सुयांचे काळे-निळे डाग. तिचा नवरा मोहनलाल खाली चटईवर बसून पेनाकडे बघत होता.

गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक. आता तालुक्याच्या विधी सेवा समितीचे स्वयंसेवक, तसं ओळखपत्रही गळ्यात. कुणाची पेन्शन अडो की कुणाचा फेरफार, अर्ज गुरुजींनीच लिहायचा. त्यांच्यावाचून गावाचं पान हलत नसे, आणि खरं सांगायचं तर गुरुजींनाही ते आवडायचं.

गुडघेदुखीच्या गोळ्या गिरजाबाईने सलग सात महिने खाल्ल्या होत्या. गुडघ्यांचं दुखणं थांबलं, पण दोन्ही किडन्या गेल्या. आता आठवड्यातून दोनदा रेल्वेने गोंदियाला जायचं, सुया टोचून घ्यायच्या आणि संध्याकाळी परत यायचं. अर्जुनी मोरगावच्या ज्या मेडिकलमधून गोळ्या घेतल्या, तो दुकानदार आता ओळखही दाखवत नव्हता. बिल त्याने कधी दिलंच नव्हतं. समितीने दिलेल्या वकील मॅडम म्हणाल्या होत्या की केस उभी राहील, पण चिठ्ठी पाहिजे. गोळ्या देताना दुकानदार दर वेळी चिठ्ठीवर शिक्का मारायचा, तेवढाच काय तो पुरावा. भरपाई मिळाली तर गिरजाबाईचा इलाज धड चालेल. नाहीतर ती किती दिवस काढेल, हे डॉक्टरही सांगत नव्हते.

आणि मोहनलाल आत्ताच म्हणाला होता की चिठ्ठी घरात कुठेच सापडली नाही. ते ऐकून गुरुजींना हायसं वाटलं. मग आपल्याला हायसं वाटलं, याची लाज वाटली.

कारण ती चिठ्ठी त्यांचीच होती. दोन वर्षांपूर्वी गुरुजी नागपूरच्या मोठ्या डॉक्टरकडे जाऊन आले, वीस दिवस गोळ्या खाल्ल्या आणि टुणटुणीत होऊन सायकल चालवू लागले. गावात अशी गोष्ट लपत नाही. गुणाची चिठ्ठी इथे विरजणासारखी या घरातून त्या घरात जाते. गुरुजींचं तर सगळंच काम शिस्तीचं. त्यांनी स्वतःच्या नावावर कागदाची पट्टी ठेवून दहा झेरॉक्स काढल्या आणि मागायला येईल त्याचं नाव कोऱ्या जागेत आपल्या वळणदार अक्षरात घातलं. गिरजाबाईचंही घातलं. वीस दिवसांच्या वर खाऊ नका आणि बीपी असलेल्याने तर हातही लावू नका, असं डॉक्टरने बजावलं होतं. पण ते तोंडी. झेरॉक्समध्ये ते आलं नाही, आणि गुरुजींनीही सांगितलं नाही. विसरले, अशी ते स्वतःची समजूत घालत. खरं म्हणजे त्यांना ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. गिरजाबाईला बीपी होता, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

ती आजारी पडल्यापासून ते तिच्या घरावरून जात नसत. गावतळ्याच्या, बोडीच्या पाळीवरून लांबचा वळसा घेत.

आता रकान्यात ‘आठवत नाही’ एवढंच लिहायचं होतं. दुकानदार सुटला असता, मॅडमनी फाइल मिटली असती आणि गुरुजी गुरुजीच राहिले असते. त्यांनी ‘आठ’ लिहिलं. तेवढ्यात गिरजाबाईने आपला सुजलेला पाय दोन्ही हातांनी उचलून खाटेवर घेतला. कण्हली नाही, काही नाही. पण गुरुजींना पुढचं अक्षर लिहवेना.

“घरी अखीन एकदा शोध, मोहनलाल,” ते म्हणाले. “त्या चिठ्ठीवरचं अक्षर माझं हाये. डाक्टरनं मना केलं होतं, ते मी तुमाले सांगतलंच नाही.”

मोहनलालने बायकोकडे पाहिलं. मग बंडीच्या आतल्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यावर दुकानाचे सात जांभळे शिक्के होते.

“अक्षर आमाले मालूम हाये, गुरुजी. सापडली नाही म्हणलो, ते तुमच्याकरता. फाडाची असंल त फाडा. आमी काई म्हणत नाही.”

गुरुजींनी चिठ्ठी उचलली. ‘गिरजा मोहनलाल’. ‘गि’ची वेलांटी किती डौलात काढली होती! त्यांना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही. मग त्यांनी ‘आठ’ खोडलं. सातव्या रकान्यात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, त्याखाली डॉक्टरची ताकीद लिहिली, आणि ती आपण रोग्याला सांगितली नव्हती हेही लिहिलं. चिठ्ठी अर्जाला टाचली. ओळखपत्र जाईल, कदाचित पोलीसही येतील. येऊ देत. कितीतरी महिन्यांनी त्यांना आपण माणसासारखं वागलो असं वाटलं.

अर्ज घेऊन मोहनलाल पुढे निघाला. गिरजाबाई छपरीच्या खांबाला धरून पायरी उतरली आणि थांबली. नवरा फाटकापर्यंत गेल्याचं पाहून तिने आवाज खाली आणला.

“गुरुजी, त्या गोळ्या बंद झाल्या तईपासून गुडघे लय दुखून राहिले जी. दुसरी एखादी चिठ्ठी असंल, त द्या न.”